‘रक्त कमी आहे’, पण का?

‘पोराचं रक्त कमी आहे’ हे वाक्य ऐकले नाही अशी आई महाराष्ट्रात सापडणे कठीण. अंगणवाडीत, शाळेच्या आरोग्य तपासणीत, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, शहरातल्या खासगी दवाखान्यात ते सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात, तळहात उघडून पाहतात, लोहाच्या औषधाची बाटली हातात देतात आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतात. बहुतेक मुलांना त्या बाटलीचा उपयोगही होतो. ज्यांना होत नाही, त्यांच्याविषयी आज लिहायचे आहे. ताप आला की तो मलेरियाचा की टायफॉईडचा, हे आपण विचारतो. रक्त कमी झाले की ते का कमी झाले, हे मात्र ना आपण विचारत, ना कोणी आपणहून सांगत. आणि या न विचारलेल्या प्रश्नात काही मुलांची वर्षे जातात, काहींचा जीवही.

आज १९ जून, जागतिक सिकलसेल दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००८च्या डिसेंबरात ठराव केला आणि पुढच्या वर्षापासून हा दिवस पाळला जाऊ लागला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार, जिथे जिथे हा आजार घराघरात आहे तिथे आज फेऱ्या निघतील, शिबिरे भरतील, बोटांतून रक्ताचे थेंब घेतले जातील. दिवस आपल्याकडे येतो तो अगदी नेमक्या वेळी. मृगाच्या सरी पडून गेलेल्या असतात, शाळांची घंटा वाजायला आलेली असते, धानाच्या पट्ट्यात रोवणीची तयारी चाललेली असते. आणि याच दिवसांत, झड लागून हवा गारठली, पोर भिजले, तापले, की सिकलसेलच्या मुलाच्या हाडांत दुखणे उठते.

पण सिकलसेलकडे वळण्याआधी साध्या रक्तक्षयाबद्दल बोलले पाहिजे, कारण त्याच्याच गर्दीत बाकीचे सगळे आजार हरवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी निघाले. महाराष्ट्राचा आकडा ६८.९ टक्के, त्याआधीच्या फेरीत तो ५३.८ होता. ही तपासणी बोट टोचून केलेली. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ४१ टक्के भरले. नमुना कसा घेतला यावर आकडा इतका हलतो, म्हणून तज्ज्ञांत वाद आहे. तो वाद व्हायलाच हवा. पण लहानातला आकडा धरला तरी पाचांतली दोन मुले होतात.

याचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता, आणि तिची गोष्ट घरातलीच आहे. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येते, तो साधारण सहा महिने पुरतो. त्यानंतर उष्टावण लांबली, बाळ वर्षभर दुधावरच राहिले, वरचे म्हणून गाईम्हशीचे दूध आणि चहात बुडवलेले बिस्कीट मिळाले, तर साठा संपतो आणि नवे लोह येत नाही. चहा तर असलेले लोहही शोषू देत नाही. मग मूल चिडचिडे होते, जेवत नाही, माती खाते, भिंतीचा पोपडा चाटते. ‘वाईट खोड लागली’ म्हणून त्याला मार बसतो. वास्तविक त्याच्या अंगात लोह नसते. उपचार स्वस्त आहे: दर किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅम लोह, आणि हिमोग्लोबिन भरल्यावरही दोन-तीन महिने तसेच चालू, म्हणजे रिकामा साठाही भरून निघतो. शौचाला काळी होते म्हणून आया औषध थांबवतात. ती काळी होणारच, त्यात भिण्यासारखे काही नाही, हे देणाऱ्याने आधीच सांगायला हवे. शाकाहारी, कुपोषित आईच्या अंगावर वाढणाऱ्या बाळाला बी-१२ची कमतरता असते, ते वेगळेच. बोटांची पेरे काळवंडलेली, बाळ मंद, कधी हातपाय थरथरणारे. तिथे नुसत्या लोहाने भागत नाही. रक्तक्षय एकाच जातीचा नसतो, हे मुंबईने तर शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे. १९२८च्या सुमारास ल्युसी विल्स इथे आल्या, गिरणगावातल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय त्यांनी अभ्यासला, आणि लोहाने न हटणारा तो आजार यीस्टच्या अर्काने हटतो असे दाखवले. पुढे ज्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागलो, त्याचा माग तिथून लागला.

या सगळ्यातली सर्वांत मोलाची तपासणी कोणती, असे आम्हाला विचाराल तर उत्तर आहे: महिन्यानंतरची दुसरी तपासणी. नीट लोह घेतलेल्या मुलाचे हिमोग्लोबिन महिन्याभरात एखाद्या ग्रॅमने तरी वाढते. वाढले, तर निदान बरोबर होते. औषध रोज पोटात जाऊनही वाढले नाही, तर बाटली बदलून उपयोग नाही, प्रश्न बदलायला हवा. आपल्याकडे नेमके उलटे होते. लाल बाटलीऐवजी हिरवी येते, मग बीट, मग खजूर, मग शहरातला दुसरा डॉक्टर. तो प्रश्न विचारायला लागते ती साधी रक्ततपासणी, ज्याला सगळे सीबीसी म्हणतात. त्या कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली आणखी आकडे असतात आणि ते कोणी वाचत नाही, ही आमची तक्रार आहे. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचे आकारमान. त्याला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागले आणि उत्तर १३च्या खाली आले, तर थॅलेसेमियाच्या वाहकत्वाचा संशय घ्यावा; वर आले, तर लोहाच्या कमतरतेचा. मेंट्झर यांनी १९७३ साली सांगितलेला हा भागाकार अंतिम निदान करत नाही, पण पुढे कुठे पाहायचे हे दाखवतो. त्याला यंत्र लागत नाही, पेन्सिल लागते.

थॅलेसेमिया म्हटले की आपल्याकडे उल्हासनगर आठवते, सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी घरे आठवतात. त्या समाजांत तो जास्त आहे हे खरे. पण तो इतरत्रही आहे, आणि ‘आमच्यात नसतं’ या समजुतीने तपासणी टळते. आईवडील दोघेही वाहक आणि दोघेही ठणठणीत, बाळ सहा महिन्यांचे होते आणि पांढरे पडू लागते. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे, जन्मभर. रक्ताच्या एका पिशवीतून २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह अंगात जाते आणि ते बाहेर टाकायची वाट माणसाच्या शरीराला नाही. ते हृदयात साठते, यकृतात साठते, वाढीच्या ग्रंथींत साठते. म्हणून लोह उतरवणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. अशा मुलाला कुणी ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाची बाटली देणे म्हणजे भरलेल्या विहिरीत आणखी दगड टाकणे. हे घडते. पांढऱ्या पडलेल्या मुलाकडे पाहून, त्याची फाईल न उघडता, आजही घडते.

आता सिकलसेल. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. आणि काही वर्षांत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष बोटावर मोजून दाखवला: १४६ दुव्यांच्या साखळीतला सहावा दुवा, तेवढा एकच बदललेला. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींत आढळला. पुढे पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांच्यासारख्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या जमातींत त्याचा माग काढला. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान, कोरकू. यांपैकी काही समाजांत शंभरात वीसहून अधिक माणसे वाहक आहेत. विदर्भात तो बौद्ध वस्त्यांत आहे, इतर समाजांतही आहे. ‘आदिवासींचा आजार’ ही पाटी त्याला लावू नये.

हा जनुक इतका का टिकला, याचे उत्तर गडचिरोलीच्या रानातच आहे: मलेरिया. ज्याला आईकडून किंवा बापाकडून एकाच बाजूने तो मिळाला, त्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी हे १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवले. ज्या पूर्वजांनी डासांच्या जंगलात तग धरला, त्यांनी हा वारसा दिला. त्यात कुणाचे पाप नाही, कुणाचा शाप नाही. वाहक आजारी नसतो, हेही इथेच सांगू. एएस पॅटर्न म्हणजे आजार नव्हे. एसएस म्हणजे आजार. गावोगाव लोक हे शब्द बोलतात, पण दोन्हींतला फरक नीट सांगितलेला नसतो, आणि वाहक मुलगी जन्मभर स्वतःला रोगी समजून जगते.

एसएस मूल जन्मताना अगदी इतरांसारखे असते, कारण पहिले काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन त्याला सांभाळते. ते ओसरले की, सहा महिन्यांच्या पुढे, एक दिवस बाळाच्या हातापायांचे पंजे सुजतात. बाळ हात लावू देत नाही. कुणी म्हणते मार लागला, कुणी म्हणते वात. मग डोळे पिवळे होतात. विळ्याच्या आकाराच्या पेशी १०-२० दिवसांतच फुटतात. चांगली पेशी १२० दिवस जगते. पण घरचे मुलाला काविळीची माळ घालायला नेतात, तेलमीठ बंद करतात. पुढे गुडघे, पाठ, मांड्या दुखतात, शाळा बुडते, मास्तर म्हणतात नाटकी आहे. यांतल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ‘रक्त कमी आहे’ म्हणालेले असते.

आणि या मुलाच्या जिवाला पहिला धोका दुखण्यापासून नसतो, तापापासून असतो. डाव्या बरगडीखालची पाणथरी लहानपणीच निकामी होत जाते, मग न्यूमोकोकस जंतू काही तासांत घात करतो. अमेरिकेत १९८६ साली पूर्ण झालेल्या चाचणीत तीन वर्षांखालच्या सिकलसेल मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिनच्या साध्या गोळ्या दिल्या, तेव्हा असे जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. पेनिसिलिन हे काही अप्राप्य औषध नाही. पाच वर्षांपर्यंत रोज, सोबत न्यूमोकोकसची लस, आणि ताप चढला की घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. एवढ्याने मुले वाचतात.

जमैकातले काम आम्हाला याहूनही जवळचे वाटते. ग्रॅहॅम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे नवजात बाळांची तपासणी केली आणि सापडलेल्या मुलांच्या आयांना एकच गोष्ट शिकवली: बाळाच्या पोटावर हात ठेवून पाणथरी चाचपायची. कधीकधी अंगातले रक्त अचानक पाणथरीत अडकते, पोट टरारते, बाळ तासाभरात पांढरे फटक पडते. रोज हात लावणाऱ्या आईला हे सर्वांआधी कळते. या एका शिकवणीने अशा प्रसंगांतले मृत्यू जवळपास नव्वद टक्क्यांनी घटले. यासाठी इमारत लागली नाही, निविदा लागली नाही. आमच्या आशाताई हे एका दुपारी शिकतील आणि आठवड्यात गावाला शिकवतील.

मोठ्या होणाऱ्या मुलासाठी हायड्रॉक्सियुरिया आहे. हे औषध गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, दुखणी घटवते, रक्त चढवण्याची पाळी कमी आणते. मोठ्यांत त्याचा उपयोग १९९५ साली सिद्ध झाला, तान्ह्या मुलांत २०११ साली. डोक्याच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी दर वर्षी केली, तर लहान वयातला लकवा आधी ओळखून टाळता येतो. हे १९९८पासून माहीत आहे. मग अडचण कुठे येते? सहज मिळते ती कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. १० किलोच्या बाळाला रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा लागते. ती आईने कशी मोजायची? औषधावर असताना दर काही आठवड्यांनी पेशी मोजाव्या लागतात. त्यासाठी दिवसाची मजुरी सोडून तालुक्याला जायचे. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत मोफत प्रवास आहे ही चांगली गोष्ट, पण झडीत नाल्याला पूर आला की एसटी येत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्ये, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७चे लक्ष्य. इतक्या वर्षांनी या आजाराला केंद्रात स्थान मिळाले, याचे आम्ही मनापासून स्वागत केले होते आणि आजही करतो. पण अभियानाची मोजणी जिथे संपते तिथून मुलाचे आयुष्य सुरू होते. किती तपासले, किती कार्डे वाटली, हे आकडे रोज वर जातात. किती एसएस मुलांना गेल्या तीन महिन्यांत एकही खंड न पडता औषध मिळाले, हा आकडा कुठल्या फलकावर दिसत नाही.

तपासणीतही एक खाच आहे. शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती पेशीत सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. एएस की एसएस, हे सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते. कितीतरी घरांत ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेली चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे पडून असते आणि पुढचा अहवाल कधी आलेलाच नसतो. तशीच दुसरी चूक रुग्णालयात होते. मूल फारच पांढरे पडलेले असते, घाईत रक्त चढवले जाते, आणि मग नमुना घेतला जातो. त्या नमुन्यात रक्तदात्याचे हिमोग्लोबिन दिसते. पिशवी लावण्याआधी दोन मिली रक्त काढून ठेवणे इतकेच करायचे असते. मलेरियाच्या भागात आणखी एका वारशाचे भान हवे. जी-६-पी-डी कमी असलेल्या मुलाला प्रायमाक्विन दिले, तर रक्तपेशी फुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते. ज्या गावात सिकलसेल, मलेरिया आणि लोहाची कमतरता एकत्र नांदतात, तिथे ‘रक्त कमी आहे’ या वाक्यावर थांबणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ साली सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला. विदर्भातल्या रुग्णांनी आणि पालकांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करणारे नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या धडपडीलाही थोडी दाद मिळाली. पण त्याच कायद्यातल्या सरकारी नोकऱ्यांच्या राखीव जागांत रक्ताच्या आजारांना जागा नाही. उन्हातान्हातले, पाण्यात उभे राहून करायचे काम ज्याला डॉक्टरांनी मना केले आहे, त्या मुलाने मोठे होऊन करायचे काय? रोवणीला वाकून गुडघाभर पाण्यात उभे राहणारी सोळा वर्षांची मुलगी संध्याकाळी तापते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते, कारण तिच्या घरी दुसरा रोज नाही.

लग्नाचा विषयही टाळता येणार नाही. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक बाळंतपणात एसएस बाळ होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक बाळंतपणात, नव्याने. ‘एक आजारी झालं, आता तीन चांगली होतील’ असा हिशेब निसर्ग ठेवत नाही. म्हणून लग्नाआधी तपासा, कार्डे जुळवून पाहा, हा सल्ला योग्यच आहे. पण तो अमलात कसा येतो ते पाहा: मुलीचे कार्ड मागितले जाते, मुलाचे नाही. मुलगी वाहक निघाली की सोयरीक मोडते, आणि मोडल्याची बातमी पुढच्या गावात आधी पोचते. दोन वाहकांनी लग्न केलेच, तर गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात होऊ शकते. ती सोय मुंबई-नागपुरात आहे, एटापल्लीत नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात समुपदेशन न करता तपासण्यांचा धडाका लावला, तेव्हा निरोगी वाहकांच्या नोकऱ्या आणि विमे गेले, आणि लोक तपासणीलाच घाबरू लागले. कार्ड देणाऱ्या माणसाने पंधरा मिनिटे बसून बोलणे हा तपासणीचाच भाग मानला पाहिजे.

जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. विज्ञान म्हणून ते थक्क करणारे आहे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. भावंडाचा मगज जुळला, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मूल पूर्ण बरे होऊ शकते, पण सख्खे भावंड जुळण्याची शक्यताही चारात एकच. ही दारे आपल्या मुलांसाठी उघडावीत म्हणून झगडायला हवेच. तोवर पेनिसिलिनची गोळी मात्र आजच्या आज, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असायला कुणाची हरकत आहे?

येत्या १५ ऑगस्टला ग्रामसभा भरतील. गावात एसएस मुले किती, पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरिया किती महिन्यांचे शिल्लक आहे, गेल्या तीन महिन्यांत कुणाचा खंड पडला, एचपीएलसीचा अहवाल किती दिवसांत येतो, लोह दिलेल्या मुलांची महिन्यानंतर पुन्हा तपासणी झाली का, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तिथे उभे राहून विचारता येते. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या १९ जूनला फेरी निघण्याआधी ती मोठ्याने वाचा.